कृष्णाक्कांनी श्राद्ध बाटवलं

आमच्या नणंदबाई कृष्णाक्का यांच्या तोंडी लागू नये, हे चामराजपेठेत भाजीवाल्यापासून मठातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मला ते लग्न होऊन आले त्याच आठवड्यात कळलं. मी केलेलं सार त्यांनी चाखलं आणि म्हणाल्या, "वसू, छान गरम आहे ग. पाय शेकायला घेऊ या."

मी वसुमती, त्यांच्या धाकट्या भावाची, शेषगिरीची बायको. एकाच आवारात आमचं घर पुढं, त्यांचं मागं. त्यांचे यजमान रघुपतीराव चिकपेटेत कापडाच्या दुकानात मुनीम होते. माणूस इतका मवाळ की मांजर आडवं गेलं तर हेच मांजराची माफी मागायचे. आम्ही या कन्नड मुलखातले फार जुने, कुठल्याशा फौजेबरोबर शेकडो वर्षांपूर्वी खाली उतरलेले ते इथंच रुजलो. घरात मराठी, दारात कन्नड, देवाशी संस्कृत, आणि भांडताना तिन्ही.

अक्कांना मूल नव्हतं. त्यावरून त्यांनी सासूकडून, जावांकडून, वाटेवरच्या कुणाहीकडून जे ऐकलं ते मी इथं सांगत नाही, माझंच डोकं फिरतं. पण एका जागी त्यांच्यासमोर कुणाची मान वर होत नसे. ती जागा म्हणजे मडीची चूल. मडी म्हणजे सोवळंच, पण इकडचं, जास्त कडक. अंघोळ करून, कुणाचा स्पर्श न झालेलं लुगडं नेसायचं. अंगात शिवलेलं काही चालत नाही, म्हणजे चोळीसुद्धा नाही. आणि पंगत उठेपर्यंत कुणाला शिवायचं नाही. एखादं पोर येऊन पायाला बिलगलं की बाई ओवळी, तिनं हात लावलेलं सगळं अन्न ओवळं.

आमच्या माध्व ब्राह्मण घरांत श्राद्ध असलं की अशा चुलीपुढं अक्काच हव्यात. ज्या बायका बारशाला त्यांना बोलवायचं सोयीस्कर विसरायच्या, त्याच सासऱ्याचं श्राद्ध आलं की "अक्का, तुमच्याशिवाय कोण?" करत दारात उभ्या. अक्का पान खात त्यांना थोडा वेळ तसंच उभं ठेवायच्या. मूल नाही, मान नाही, पण चूल आहे. त्या चुलीवर बाईचा जीव होता.

सत्तावन्न साली आमच्या मठात स्वामींचा चातुर्मास ठरला आणि मडीचा सगळा स्वयंपाक अक्कांकडं आला. आषाढात त्या मठात शिरल्या त्या जवळजवळ तिथल्याच झाल्या. तेव्हाच कधीतरी अंघोळ करताना त्यांच्या हाताला डाव्या छातीत तुरीच्या डाळीएवढं काहीतरी लागलं. आमच्याकडं अंघोळसुद्धा लुगडं गुंडाळून करायची, स्वतःचं अंग स्वतः बघायची सोय नाही. त्यामुळं हाताला लागलं हेच नवल. डॉक्टरकडं जायचं तर कोणीतरी शिवणार, मडी मोडणार, आणि स्वामींच्या नैवेद्याचं काय? अक्कांनी देवाला सांगितलं, चातुर्मास होऊ दे, मग बघू. चातुर्मास झाला, नवरात्र आलं. नवरात्र झालं, कार्तिक आला. देवाचं कॅलेंडर कधी रिकामं असतं का?

कार्तिक संपल्यावर एका दुपारी त्यांनी मला मागच्या दारी बोलावलं, माझा हात धरला आणि पदराखाली नेऊन ठेवला. "हे काय आहे सांग."

माझ्या हाताखाली लिंबू होतं. कच्चं, घट्ट, जागचं न हलणारं.

"कधीपासून?"

"आषाढापासून."

"आणि आत्ता सांगताय? अक्का, तुम्हाला अक्कल म्हणून आहे का काही?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं बोलले आणि त्या उलट बोलायचं सोडून लुगडं बदलायला उठल्या.

जयनगर तेव्हा नवं वसत होतं. तिथं पुण्याहून आलेल्या डॉक्टर सुलभाबाई घरातच दवाखाना चालवायच्या, नवरा विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर. बाई तरुण, बोलणं फटाफट. तपासून झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि प्रश्न सुरू केले. मुलं किती? नाहीत. पाळी कितव्या वर्षी आली? अजून चालू आहे का? आई, मावशी, बहीण, कुणाला असं काही झालं होतं का?

अक्का म्हणाल्या, "काय ग, तुला स्थळ आणायचंय का माझ्यासाठी? एवढी चौकशी माझ्या सासऱ्यांनीसुद्धा केली नव्हती."

सुलभाबाई हसल्या. मग नीट बसून त्यांनी सांगितलं. हा कॅन्सर आहे असं वाटतंय. ज्यांना मूल झालं नाही, ज्यांनी अंगावर पाजलं नाही, त्यांना तो जरा जास्त होतो असं दिसतं. पण दहा पोरांच्या आईलाही होतो, का होतो ते कुणालाच नक्की ठाऊक नाही.

"म्हणजे मूल नाही म्हणून सासूनं छळलं, आता रोगही त्याच खात्यात?" अक्का कडाडल्या. "तुझ्या शास्त्रात आणि आमच्या सासूबाईंत फरक काय मग?"

"फरक आहे," सुलभाबाई शांतपणे म्हणाल्या. "मी तुम्हाला दोष देत नाहीये. आपल्या बायकांत हा रोग कमी, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. खरंच कमी आहे, की बायका सांगतच नाहीत, देव जाणे. तुम्ही तरी आलात. पण इतक्या उशिरा का?"

"मडीत होते."

"मडी म्हणजे?"

मी समजावून सांगितलं. बाई ऐकत गेल्या आणि त्यांचं तोंड एवढंसं होत गेलं. "वसुमतीबाई," त्या मला म्हणाल्या, "तेव्हा डाळीएवढं होतं ना? तेव्हा आल्या असत्या तर..." पुढचं त्यांनी गिळलं. अक्कांनी ते ऐकलं.

पौषात मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. डाव्या बाजूचं सगळं काढलं, काखेतलंही. रघुपतीराव भेटायला आले ते बँडेज बघूनच खाली कोसळले. नर्सनं त्यांना शेजारच्या खाटेवर टाकलं. अक्का शुद्धीवर येऊन पाहतात तर बाजूला नवरा आडवा. "यांचं काय कापलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पुढं महिनाभर विजेच्या किरणांचे शेक झाले, कातडी करपली, डावा हात सुजून खांबासारखा झाला. पण बाई उठल्या.

मग पेठेचे तर्क सुरू झाले. कुणी म्हणे दृष्ट लागली. कुणी म्हणे चोळीत किल्ल्यांचा जुडगा खोचायच्या, लोखंड भोवलं. आठवडाभर सगळ्या बायका किल्ल्या कमरेला लावून हिंडत होत्या. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, की हा वांझेचा रोग. ज्यांच्या कडेवर पोरं होती त्यांना हे फार पटलं. मेल्यांना केवढा दिलासा!

आणि एक दिवस भीमाचार्य आले. भीमाचार्य म्हणजे आमच्या पेठेचं हायकोर्ट. काय चालतं, काय चालत नाही, ते सांगायचे आणि पेठ ऐकायची. ओसरीवर बसून त्यांनी तब्येत विचारली, पाणी मागितलं, आणि म्हणाले, "कृष्णाबाई, आता विश्रांती घ्या. अंगहीन बाईच्या हातचा नैवेद्य चालत नाही."

अक्का आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आचार्य, तुमचे पुढचे दात कुठं गेले?"

"म्हणजे?"

"तुम्ही मंत्र म्हणता तोंडानं, मी स्वयंपाक करते हातानं. माझे हात दोन्ही जागेवर आहेत. तुमच्या तोंडातली मात्र निम्मी वस्ती उठून गेलीय. तरी पितर येतात ना जेवायला?"

"दात हे अंग नव्हे," आचार्य म्हणाले. दाताचं कुठं लिहिलंय आणि दुसऱ्याचं कुठं लिहिलंय, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. पाणी न पिताच उठले.

ते गेल्यावर अक्का ढसाढसा रडल्या. ऑपरेशनला रडल्या नव्हत्या, करपलेल्या कातडीला फडकं चिकटायचं तेव्हा रडल्या नव्हत्या. "वसू, मेले असते तर बरं झालं असतं ग," म्हणाल्या. "निदान माझ्या श्राद्धाला तरी चूल पेटली असती." मला त्या आचार्याचं तोंड ठेचावंसं वाटलं. अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण माणसाची जीभ शास्त्राहून बळकट असते, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. अक्कांच्या जागी यशवंतपूरहून परसू नावाचा आचारी यायला लागला. परसूचं पायस म्हणजे खळ, त्याचे वडे म्हणजे नदीतले गोटे. वर्षभर पेठेनं दात-ओठ खात ते खाल्लं. मग खुद्द भीमाचार्यांच्या वडिलांच्या श्राद्धाला परसूच्या वड्यानं आचार्यांचा उरलेल्यांतला एक दात घेतला. पंधरा दिवसांत निरोप आला, प्रायश्चित्त घेऊन आणि गंगोदक शिंपडून कृष्णाबाईंचं चालेल. पाहिलंत? गंगेला सगळं ठाऊक असतं, फक्त दात पडेपर्यंत सांगत नाही.

अक्का पुन्हा चुलीपुढं गेल्या. मला वाटलं होतं, लाजतील. बाहेर जाताना चोळीत कापसाची घडी भरून दोन्ही बाजू सारख्या करता यायच्या, पण मडीत चोळीच नाही. एक बाजू सपाट, लुगड्यातून सरळ दिसायची. पहिल्या दिवशी श्राद्धाच्या घरातल्या बायका चोरून बघत होत्या. अक्कांनी झारा खाली ठेवला, त्यांच्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. "बघा. नीट बघा. झालं बघून? आता डाळ निवडा." डावा हात भार घेत नसे, म्हणून जड भांडी उचलायला जिथं श्राद्ध असेल त्या घरची एखादी सून मडीत मदतीला ठेवायची, एवढाच काय तो फरक. बाईच्या चेहऱ्यावर पुन्हा तकाकी आली. हातचं गमावून परत मिळवलं होतं त्यांनी. ते आता कुणी काढून घेईल अशी मला कल्पना नव्हती, आणि त्या स्वतःच फेकतील अशी तर मुळीच नाही.

एकसष्टचा श्रावण. भीमाचार्यांकडं पुन्हा वडिलांचं श्राद्ध. मदतीला त्यांची सून कावेरी. वय अठ्ठावीस, चार लेकरं, धाकटं अजून अंगावर पीत होतं. पोर गुणी, कमी बोलणारी. मी बाजारातून केळीची पानं घेऊन गेले होते आणि ओसरीवर बसले होते. सकाळभर चिकपेटेच्या गर्दीत घासून आलेली, माझ्याइतकी ओवळी त्या घरात दुसरी कोणी नव्हती.

आत काय झालं ते अक्कांनी मला नंतर सांगितलं. कावेरी पायसाची हंडी उचलायला वाकली, पदर सरला, आणि अक्कांना तिच्या उजव्या छातीवर खळी दिसली. हनुवटीला पडते तशी, पण तिथं, आतून कुणी ओढल्यासारखी. अक्कांनी झारा खाली ठेवला. "कावेरी, हे कधीपासून?"

कावेरीनं पदर ओढला. "दुधाची गाठ आहे, अक्का."

"डॉक्टरला दाखवलीस?"

"उद्यापासून अठ्ठेचाळीस दिवसांच्या पारायणाचं मंडळ बसतंय ना. दीड महिना मीच मडीत. ते होऊ दे. मग पितृपक्ष. मग नवरात्र झालं की दाखवीन."

अक्का मला म्हणाल्या, "ती बोलत होती आणि मला वाटत होतं, मीच बोलतेय. तेच महिने, तोच क्रम."

हे सगळं आत. बाहेर मी पाहिलं ते इतकंच, की अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. ब्राह्मण पाटांवर बसले होते, पानं मांडली होती. आचार्य आणि त्यांचा मुलगा त्रिविक्रम, कावेरीचा नवरा, दर्भाची पवित्रकं घालून तयार होते.

"आचार्य, कावेरीला डॉक्टरीणबाईकडं न्यायला हवं. तिला गाठ आहे."

"आज?" आचार्य दचकले. "आज पितृकार्य आहे."

"मग उद्या न्या."

"उद्या मंडळ बसतंय. तुम्हाला ठाऊक नाही का? घरात मडीत बसणारी ती एकटीच."

"मग मंडळ पुढं ढकला."

"कृष्णाबाई, बाळंतिणीला दुधाच्या गाठी होतातच. आणि तुम्हाला जो आजार झाला तो काय लेकुरवाळ्यांना होतो? तो तर ज्यांना..." आचार्य थांबले. पण पंगतीतल्या सगळ्यांनी उरलेलं वाक्य मनात पुरं केलं.

मी अक्कांच्या तोंडाकडं पाहिलं. आता तोफ सुटणार, असं वाटलं. सुटली नाही. त्या उंबरा ओलांडून बाहेर आल्या, सगळी ओसरी चालून माझ्यापाशी आल्या, आणि मला कडकडून मिठी मारली. मडीतल्या बाईनं! श्राद्धाच्या दिवशी! ब्राह्मण पाटावर असताना!

"अक्का, वेड लागलं का?" मी म्हणाले.

"हो," त्या म्हणाल्या, आणि तशाच वळून स्वयंपाकघरात गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला. पायसात हात, वड्यांत हात, भातात हात, साराच्या पातेल्यात हात. एक भांडं सोडलं नाही. मग कावेरीला दोन्ही हातांनी धरून, तो सुजका हातही तिच्या कमरेभोवती टाकून, बाहेर घेऊन आल्या.

"आचार्य, स्वयंपाक बाटला," त्या म्हणाल्या. "सून बाटली. आज श्राद्ध होत नाही, आणि पुन्हा मडी होईपर्यंत हिला कुणालाही शिवायची मोकळीक आहे. तेव्हा ही आत्ता डॉक्टरीणबाईला शिवून येते. वसू, जटका बोलव."

ओसरीवर असा गोंधळ उडाला की काय सांगू. ब्राह्मण उठून उभे राहिले. भीमाचार्यांच्या तोंडून संस्कृत, कन्नड, मराठी सगळं एकदम यायला लागलं. पितर उपाशी गेले, या बाईला सात जन्म चूल मिळणार नाही, कुठल्याही घराच्या उंबऱ्यावर ही पाय ठेवणार नाही. अक्का कावेरीचा पदर नीट करत होत्या. मी घोड्याचा जटका बोलवायला उठले, पण माझ्या आधी त्रिविक्रम उठला. वडिलांपुढं कधी मान वर न करणारा पोरगा, त्यानं बोटातलं पवित्रक काढून पाटावर ठेवलं आणि रस्त्यावर अनवाणी धावत गेला.

गाठ दुधाची नव्हती. पण लहान होती, काखेत पसरलेली नव्हती. पंधरवड्यात कावेरीचं ऑपरेशन झालं. धाकटं पोर गाईच्या दुधावर राहिलं. सुलभाबाई म्हणाल्या, "ही वेळेवर आली." अक्कांच्या समोरच म्हणाल्या. बिचारीच्या लक्षात आलं नाही, आणि अक्कांनी लक्षात येऊ दिलं नाही.

पेठेनं मात्र आचार्यांचा शब्द पाळला. त्यानंतर अक्कांना एकाही घरातून बोलावणं आलं नाही. श्राद्ध बाटवणारी बाई कोण बोलावणार? पुन्हा परसू आला, पुन्हा गोटे आले, या वेळी कुणी कुरकुर केली नाही. मी एकदा विचारलं, "अक्का, पस्तावा होतो का?"

"होतो ग," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीचं सार फार जमलं होतं."

विनोद केला, आणि उठून स्वतःचीच रिकामी चूल पुन्हा सारवायला घेतली. मी उगाच काहीतरी बोलत राहिले.

दुपारच्या वेळी मागच्या दारानं बायका यायला लागल्या, ते मात्र तेव्हापासून. ज्यांच्या पुढच्या दारात अक्कांना मज्जाव होता, त्याच. "अक्का, स्वल्प बघता का? इथं काहीतरी लागतंय." अक्का म्हणायच्या, "मला काय कळतं डोंबल? त्या सुलभाबाईकडं जा. आत्ता जा. घरी उपास आहे, वाण द्यायचंय, असलं काही सांगितलंस तर इथंच मिठी मारीन तुला." बायका हसायच्या आणि जायच्या. बहुतेकींचं काही नसायचं. एकदोघींचं होतं.

चौसष्टच्या उन्हाळ्यात अक्कांची पाठ धरली. हाडांत उतरलं होतं. सुलभाबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि मी तोंड धुऊन आत गेले तर अक्का म्हणाल्या, "ती काय म्हणाली ते मला ठाऊक आहे. तू रडलेली बरी दिसत नाहीस."

कावेरी यायची. सासऱ्यांना न सांगता, मग सांगून, मग त्यांना काय वाटतं याची फिकीर न करता. आमच्या मागच्या घरात येऊन भात टाकायची, अक्कांना भरवायची. साध्या धुतल्या लुगड्यात, चोळी घालून. तीन वर्षं होत आली होती, पोरगी ठणठणीत. अक्का दर वेळी तिला दोन्ही हात वर करायला लावायच्या आणि डोळे बारीक करून बघायच्या, सूज नाही ना.

एके दिवशी असेच तिनं हात वर केले.

"कावेरी," त्या म्हणाल्या, "तुझ्यामाझ्यात फरक एवढाच बघ. तू श्राद्धातून उठलीस, आणि मी चातुर्मास पुरा केला."

"अक्का, असं नका बोलू. देवासाठी केलंत तुम्ही."

"देवानं मागितले नव्हते ग ते महिने. मीच दिले. वर त्यालाही कळलं नसेल, ही बाई हे काय देतेय. मला जगायचं होतं, वसू."

मला म्हणाल्या त्या. मी पलीकडं पायाशी बसले होते. कावेरी वर केलेले हात तसेच ठेवून रडायला लागली, आणि मलाही आवरेना. मी नुसते त्यांचे पाय धरून बसले.

थोड्या वेळानं अक्काच म्हणाल्या, "पुरे. हात खाली कर. भात लागतोय खाली, वास येत नाही का तुला?"

कावेरी धावली. भात खरंच लागला होता, अर्धं पातेलं काळं. वरचा तेवढा काढून आम्ही तिघींनी एकाच ताटात खाल्ला, आणि करपलेला आहे असं अक्का एकदाही म्हणाल्या नाहीत.